०.०२४ आणि ओला दुपट्टा

वडील गेल्याचा फोन आला तेव्हा आश्लेषा घाटोळे पुण्याच्या प्रयोगशाळेत फळ्यापाशी उभी होती, आणि तिनं आधी हातातलं गणित पुरं केलं. शेवटच्या ओळीतली वजाबाकी तेवढी राहिली होती. ती केली, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, पेनाचं टोपण लावलं, मग फोन कानाला लावून म्हणाली, "परत सांगा." पलीकडे किसनभाऊ ढोले होते, वडिलांच्या सोबत काम करणारे. ते रडत रडत परत सांगायला लागले.

पुढं आर्वीत, तिच्या गावी, बायका आपसात बोलल्या की पोरगी दगडाची आहे. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार. खरी गोष्ट एवढीच की तिला काही वाटलंच नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा होतो तसं तिचं आतलं सगळं झालं होतं. तिनं चितेला प्रदक्षिणा घातली, आलेल्यांना पाणी दिलं, दहाव्याच्या दिवशी कावळा कधी शिवतो म्हणून सगळ्यांबरोबर ताटकळत उभी राहिली. कावळा शिवला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तिनं घड्याळ पाहिलं.

देविदास घाटोळे, वय एकसष्ट, आर्वीबाहेरच्या सौर शेतावर उन्हातून वीज करणाऱ्या काचेच्या पट्ट्या पुसायचं काम करत. एका मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता, बाहेर अठ्ठेचाळीस अंश असताना, ते उष्माघातानं गेले. अंगात कंपनीचं थंड जाकीट होतं. ते जाकीट माणसाला उन्हात गार ठेवण्यासाठीच बनवलेलं होतं, आणि ज्या आकड्यावर ते चालायचं, तो आकडा त्यांच्या मुलीनं काढलेला होता.

त्या जाकिटाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्यात बर्फ नव्हता, पंखा नव्हता, बॅटरी नव्हती. अस्तरात बोटाएवढ्या पिशव्या शिवलेल्या आणि पिशव्यांत एका क्षाराचे पांढरे खडे. हा क्षार आपल्या स्फटिकांत पाणी धरून ठेवतो. अंगाची ऊब लागली की ते पाणी वाफ होऊन सुटतं, आणि सुटताना उष्णता सोबत घेऊन जातं. आतल्या बाजूला घाम शिरू नये म्हणून पातळ पडदा, बाहेरच्या बाजूला वाफ निघून जावी म्हणून जाळी. संध्याकाळपर्यंत खडे कोरडे ठणठणीत. मग रात्री जाकीट दोरीवर टांगायचं आणि जाळीवर पाणी शिंपडायचं. खडे पाणी परत पितात, आणि दिवसा घेतलेली उष्णता परत देतात. त्यामुळं रात्री दोरीवरचं जाकीट इस्त्री केल्यासारखं तापायचं. आर्वीतली पोरं त्याला हात लावून बघायची आणि हसायची.

म्हणजे क्रिया एकच, पण ती दोन्हीकडे चालते. इकडून पाणी सुटतं, तिकडून पाणी आत येतं. लग्नाच्या मंडपात जेवणाच्या वेळी पाहावं, जेवढे लोक आत येतात तेवढेच बाहेर पडायला लागले की आतला आकडा हलत नाही, पण म्हणून कुणी जागेवर बसलेलं नसतं. यालाच रसायनशास्त्रात समतोल म्हणतात. त्या घडीला क्षारावरच्या हवेत वाफेचा जो दाब असतो, तो वातावरणाच्या दाबाशी ताडून मांडला की मिळतो समतोल स्थिरांक. खडे मूठभर घ्या की पोतंभर, आकडा तोच राहतो. घन पदार्थ त्यात धरतच नाहीत. तो फक्त एका गोष्टीनं बदलतो, तापमानानं.

आश्लेषाचं काम हा आकडा काढण्याचं. पाणी सुटायला किती ऊर्जा लागते हे तिनं मोजलं, सुटल्यावर पसारा किती वाढतो हे मोजलं, आणि त्यावरून स्थिरांक मांडला. पुस्तकातली कोष्टकं सगळी पंचवीस अंशांची असतात, आणि नवशिके तिथलाच आकडा उचलून मोकळे होतात. पंचवीसला तो येतो बारा हजारांश. पण अंगालगत पंचवीस अंश कुठून असणार? तिथं असतात पस्तीस, आणि या क्षाराचा आकडा दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट होतो. पस्तीसला उत्तर आलं ०.०२४. वैशाखातल्या विदर्भाच्या हवेत वाफ असते ०.०१२ च्या आसपास, म्हणजे बरोबर निम्मी. हवेतली वाफ स्थिरांकाहून कमी आहे तोवर पाणी सुटत राहणार आणि माणूस गार राहणार. दमट हवेत हे चालणार नव्हतं, म्हणून कंपनीनं कोकणात एकही जाकीट विकलं नाही.

फोनवर तिनं वडिलांना हे सांगितलं होतं. "बाबा, याला कोरडी हवा लागते." ते म्हणाले होते, "मंग आपल्या इथं काय कमी हाय बेटा. दुसरं काई नाई, कोरडी हवा लय हाय." आणि मग गावभर सांगत फिरले होते की हे माह्या पोरीचं जाकीट.

जाकीट येण्याआधी दुपारबंदीचा कायदा होता. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की अकरा ते पाच उघड्यावर काम बंद. जाकीट आलं आणि कायद्याला पोटकलम जोडलं गेलं, थंड जाकीट घालणाऱ्यांना बंदी लागू नाही. मग काय, ज्यांना सावलीत बसवायचं होतं त्यांना उन्हात उभं करायची सोय झाली. चाळीस हजार जाकिटं दोन उन्हाळ्यांत चंद्रपूरपासून अमरावतीपर्यंत पसरली. आश्लेषाला बढती मिळाली आणि आर्वीच्या शाळेत तिचा सत्कार झाला. नारळ अजून देवघराशेजारी ठेवलेला होता, आता आतून वाजत होता.

अकराव्या दिवशी सकाळी तिनं वडिलांच्या खाटेवर वही उघडली आणि सगळं गणित पहिल्यापासून मांडलं. तिला चूक हवी होती. चूक सापडली असती तर कुठंतरी बोट ठेवता आलं असतं.

ऊर्जेचं एकक तपासलं, बरोबर होतं. नैसर्गिक लॉग की दहाचा लॉग, बरोबर होता. तापमान पंचवीसचं घेतलंय की पस्तीसचं, पस्तीसचंच होतं. अठ्ठेचाळीस अंशांच्या त्या मंगळवारची हवा वेधशाळेकडून मागवली. वाफ ०.०११. म्हणजे जाकिटानं गारच करायला हवं होतं. आकडा चुकायला तयार नव्हता.

पण किसनभाऊ फोनवर म्हणाले होते की जाकीट तापलं होतं. आणि त्याच आठवड्यात हिंगणघाटला एक बाई आणि वरोऱ्याला एक गवंडी जाकीट अंगात असताना चक्कर येऊन पडले होते. दोघं वाचले. दोघांनीही सांगितलं, जाकीट चटके द्यायला लागलं होतं.

आई, रत्नमालाबाई, उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. अकरा दिवसांत त्यांनी तांदूळ इतक्या वेळा निवडले होते की त्यात आता खडा सोडा, तूसही उरलं नव्हतं.

"आई, त्या दिवशी बाबांचा दुपट्टा ओला होता का गं?"

"कोरडा होता."

"तू रोज भिजवून देतेस ना?"

"त्या दिवशी नाई भिजवला. पोलिसाईले सांगतलं म्या तसं. लिहून बी घेतलं त्याईनं." त्या ताटलीतून मान वर न काढता बोलल्या.

आता दुपट्ट्याचं काय ते. विदर्भात उन्हाळ्यात माणूस डोक्याला पांढरा दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. तो बांधायचा, कान झाकायचे, एक पदर मानेवरून पाठीवर सोडायचा. रत्नमालाबाई तो चाळीस वर्षं रोज सकाळी बादलीत बुडवून, अर्धवट पिळून नवऱ्याच्या हातात देत आल्या होत्या. खिशात एक कांदाही टाकत. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून हे सगळं, आणि आश्लेषा हे बघतच लहानाची मोठी झालेली.

पुण्यात जाकिटाची चाचणी काचेच्या खोलीत व्हायची. आत शेहेचाळीस अंश, कोरडी हवा, आणि मधोमध धातूचा पुतळा. पुतळ्याला घाम यायचा, छाती पाठ तापायची, पण त्याला डोकं नव्हतं. जाकीट गळ्याखालीच असतं, मग डोक्याचा खर्च कशाला, असा तो विचार. दोन वर्षं आश्लेषा त्या पुतळ्यासमोर उभी राहिली. ज्याला डोकं नाही त्याला दुपट्टा कोण बांधणार? शंभर शास्त्रज्ञांत आर्वीची ती एकटीच होती, आणि तिच्याही मनात आलं नाही.

हे तिला आत्ता, खाटेवर बसल्या बसल्या सुचलं. तिनं वहीच्या कोपऱ्यात मांडलं. ओल्या कापडाचा पदर जाळीवर पडला तर तिथल्या हवेत वाफ किती? उत्तर आलं ०.०५५. स्थिरांकाच्या दुपटीहून जास्त. म्हणजे क्रिया उलटी फिरणार. दुपारपर्यंत कोरडे झालेले खडे पाणी पिणार, आणि रात्री दोरीवर देतात ती सगळी उष्णता माणसाच्या पाठीवर ओतणार.

गणित जुळलं. फक्त आई म्हणत होती की दुपट्टा कोरडा होता.

शनिवारी सकाळी ती सौर शेतावर गेली. किसनभाऊ पंपाच्या खोलीच्या सावलीत बसले होते. त्यांचं जाकीट बाजूला खुंटीला होतं. त्या मंगळवारपासून त्यांनी ते घातलं नव्हतं, आणि जाकिटाशिवाय बंदीच्या वेळेत काम केल्याबद्दल मुकादम ओरडत होता, न केल्याबद्दलही ओरडत होता.

"भाऊ, खरं सांगा. बाबांचा दुपट्टा ओला होता का?"

किसनभाऊंनी खुंटीवरच्या जाकिटाकडं पाहिलं. "वैनीनं सांगतलं होतं का कोरडा म्हना."

"मी कुणाला बोलणार नाही असं म्हणत नाही. पण मला कळायला पाहिजे."

"चिंब होता. त्या दिवशी ऊन जास्त होतं ना, तं वैनीनं पिळलाच नोहता. आन् डब्यात पानी बी देल्लं होतं, दुपारी अजून एक डाव भिजवाले. देविदासभाऊ म्हने, किसन, पाठीले आग लागून राह्यली. आमाले वाटलं ऊन लागलं. म्या डबा उचलला आन् पाठीवर पानी टाकलं. ते अजून म्हने आग लागली. मंग म्या दुसरा डबा टाकला. जाकिटाले हात लावला तं तवा, बाई. काढेपावतो त्याईची शुद्ध गेल्ती."

आश्लेषा त्यांच्या हातांकडं बघत होती. उजव्या तळव्यावर भाजल्याचा डाग होता, नवी कातडी येत होती.

"म्या पानी टाकलं थे बरोबर केलं ना?" किसनभाऊंनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. सोमवारी चौकशी समितीपुढं ते खोटं ठरणार हे तिला माहीत होतं, तरी शनिवार रविवार तेवढे दोन दिवस तिला त्यांना द्यायचे होते.

तिथल्या तिथं उभं राहून तिनं पुण्याला फोन लावला. तिचे वरिष्ठ सबनीस सर माणूस म्हणून वाईट नव्हते. ते तिच्या वडिलांसाठी खरोखर रडले होते, जे तिला स्वतःला जमलं नव्हतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "सूचना आत्ताच जाऊ दे. चाळीस हजार फोनवर." तासाभरात ती गेली. जाकिटावर ओला दुपट्टा घेऊ नका. जाकीट तापल्यास पाणी टाकू नका, आधी अंगातून काढा. किसनभाऊंना द्यायचे ते दोन दिवस तासाभरातच संपले.

"आता सोमवारचं बघू," सबनीस म्हणाले. सोमवारी वर्ध्याला चौकशी समितीची सुनावणी होती. "तांत्रिक टिपण तूच लिही. स्थिरांक अचूक आहे, तो आहेच. वापरकर्त्यानं स्वतःहून ओलं कापड वापरल्यामुळं दुर्घटना झाली. बास. यात एक अक्षर तरी खोटं आहे का?"

नव्हतं. पण त्यातला वापरकर्ता म्हणजे तिचे वडील होते, आणि कापड ओलं करणारी तिची आई. टिपण समितीसमोर मोठ्यानं वाचलं जाणार होतं, आणि कुटुंबीयांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत असतात.

परतीच्या वाटेवर तिनं ठरवलं. आईला सांगायचं की माझाच आकडा चुकला. पंचवीसचा घेतला, पस्तीसचा घ्यायला हवा होता. आईला त्यातलं काय कळणार? जन्मभर आपल्याला बोल लावील, लावू दे. स्वतःला तरी लावणार नाही. हे ठरवताना तिला ना वाईट वाटलं ना बरं. एक बाजू कमी करून दुसरी बाजू वाढवायची, एवढंच तिला त्यात दिसत होतं.

रत्नमालाबाई चुलीपाशी होत्या. दुपारचे साडेबारा झाले होते. कूलर घरघरत होता आणि वाळ्याच्या ताट्या ओल्या करून लावलेल्या होत्या. आश्लेषानं पाटावर बसून एका दमात सगळं सांगून टाकलं. आकडा चुकला, माझी चूक, दुपट्ट्याचा काही संबंध नाही.

रत्नमालाबाईंनी भाकरी तव्यावर उलटली.

"फोनवर आलं," त्या म्हणाल्या. "बाजूच्या शीलानं वाचून दावलं. ओला दुपट्टा घेऊ नका म्हनून. तुहं नाव हाय खाली." मग म्हणाल्या, "खोटं नको बोलू आशू. तुले जमत नाई. लहानपनापासून जमत नाई."

"तूच खोटं बोललीस, आई. दुपट्टा कोरडा होता म्हणून."

"हो. बोलली."

"स्वतःला वाचवायला नाही ना? मला ठाऊक आहे. तुला सहन झालं नसेल की आपल्या हातानं..."

"माह्या हाताचं राहू दे," रत्नमालाबाई म्हणाल्या. त्यांनी विस्तव मागं ओढला आणि पदरानं तोंड पुसलं. "रातच्यानं म्याच पानी शिपडत होती त्या जाकिटावर. रोज तापे. मले का समजत नोहतं? पान्यानं तापते थे मले तुह्या आधी समजलं. म्हनून तं तुले इचारलं होतं."

"मला?"

"गुढीपाडव्याच्या नंतर. फोन केला होता म्या. तू गडबडीत होती."

आश्लेषाला आठवेना. खरोखरच आठवेना. तिनं फोन काढला. तिच्या फोनवर झालेलं प्रत्येक बोलणं लिखित स्वरूपात साठत असे. आताशा सगळ्यांच्याच फोनवर साठतं, आणि कुणीच वाचत नाही. चैत्रातल्या एका गुरुवारी, दुपारी, एक मिनिट चाळीस सेकंद.

*जाकीट रातच्यानं पानी शिपडलं का तापते वं. मंग दिवसा त्याच्यावर ओला दुपट्टा चालते का?*

*चालतो ना. पाण्यानं तो आकडा बदलत नसतो आई, तापमानानंच बदलतो. भिजव बिनधास्त.*

*पक्कं ना?*

*अगं मीच काढलाय. ठेवू का, मीटिंग आहे.*

तिनं तीनदा वाचलं. तिचं वाक्य बरोबर होतं. समतोल स्थिरांक पाण्यानं बदलत नाही, फक्त तापमानानं बदलतो, हे परीक्षेत लिहिलं तर पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण आईनं स्थिरांक विचारलाच नव्हता. क्रिया कुठल्या बाजूला जाईल हे तिनं विचारलं होतं. ते ठरतं आत्ताची वाफ त्या आकड्याच्या खाली आहे की वर, यावर. पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्याच तासाला हा फरक शिकवतात. ती स्वतः शिकवायची.

"आन् मंग पोलीस आले," रत्नमालाबाई सांगत होत्या. "म्हने दुपट्टा ओला होता का. म्या इचार केला, हो म्हनलं तं पुढचं इचारतीन, भिजवाले कोनं सांगतलं. तवा तुहं नाव घ्या लागंल. तुहा बाप तं गेला. आता त्याईच्या मांगं तुले बी घालवू का? लोकं म्हनतीन, पोरीनं बापाले मारलं. म्हनून म्हनलं कोरडा."

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं, पंप कोरडा आवाज करायला लागला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"तुला राग नाही आला माझा?" आश्लेषानं विचारलं.

"आला," आई म्हणाली. "अजून हाय. भाकर खाय, थंडी होऊन राह्यली."

रविवारी तिनं टिपण लिहिलं. दीड पान झालं. क्षाराचं वर्णन, स्थिरांक, हवेतल्या वाफेचं माप, ओल्या कापडाखालच्या वाफेचं माप, बिनडोक्याच्या पुतळ्याबद्दल चार ओळी. शेवटचं वाक्य सबनीसांनी सांगितलं तसंच होतं, वापरकर्त्यानं स्वतःहून ओलं कापड वापरल्यामुळं. तिनं ते वाचलं, 'स्वतःहून' खोडलं, आणि तिथं लिहिलं, 'मला विचारून'. खाली त्या एक मिनिट चाळीस सेकंदांचं बोलणं जसंच्या तसं जोडलं. हिंगणघाटच्या बाईनं आणि वरोऱ्याच्या गवंड्यानंही कुणालातरी विचारलं असेल, नसेल तर त्यांना विचारायला कुणी नव्हतं एवढं तरी समितीनं लिहावं, असंही एक वाक्य टाकलं. सही केली आणि पाठवून दिलं.

सबनीसांचा फोन लगेच आला. "आश्लेषा, दोन शब्दांसाठी तू सगळं घालवतेयस. नोकरी जाईल. कदाचित गुन्हाही दाखल होईल. कंपनी तुझ्यामागं उभी राहणार नाही, मी आत्ताच सांगतो."

"हो सर."

"वडील परत येणार आहेत का यानं?"

"नाही सर. पण आईनं स्वतःहून काही केलं नव्हतं."

फोन बंद झाल्यावर तिनं स्वतःला चाचपून पाहिलं, भीती वाटतेय का, हलकं वाटतंय का. काही नव्हतं. गाल अजून बधिरच होता.

सोमवारी वर्ध्याची बस सव्वाअकराची. दहालाच ऊन भाजायला लागलं होतं. आश्लेषानं फाइल घेतली, चपला घातल्या, आणि अंगणात आली तर रत्नमालाबाई बादलीपाशी वाकलेल्या. बादलीत दुपट्टा बुडवलेला होता. वडिलांचाच, पांढरा, एका कडेला विटकरी काठ असलेला. पोलिसांनी शनिवारी परत आणून दिला होता.

चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप गेले असणार. बादलीवर वाकलेली आई तशीच थांबली होती, आता हा कुणाला द्यायचा हे तिला कळत नव्हतं.

"किसनभाऊचा फोन आला होता मघा," रत्नमालाबाई म्हणाल्या. "म्हने, मी बी येतो वर्ध्याले. पान्याचं मीच सांगतो म्हने समितीले. सूचना त्याईनं बी वाचली. मंग तुह्या शेजारी बसतो म्हने."

आश्लेषानं मान हलवली.

मग रत्नमालाबाईंनी दुपट्टा बाहेर काढला, अर्धवट पिळला, आणि लेकीकडं आल्या. तिच्या अंगावर एकदा नजर फिरवली.

"जाकीट नाई ना घातलं?"

"नाही."

"मंग इकडं ये."

आश्लेषा वाकली. आईनं दुपट्टा तिच्या डोक्याला गुंडाळला, कान झाकले, गाठ मारली, आणि एक पदर मानेवरून पाठीवर सोडला. तिच्या पर्समध्ये एक कांदा टाकला. पदरातलं पाणी आश्लेषाच्या मानेवरून पाठीच्या कण्यावर उतरलं, आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या अंगाला काहीतरी लागलं. तिचे खांदे हलायला लागले. तिनं फाइल छातीशी घट्ट धरली.

"गार लागते का?" आईनं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "लागतंय."